परदेशातल्या कानाला किती आवाज पुरतो?

रेडिओच्या मनोऱ्याला श्रोते मोजता येत नाहीत आणि मोजायची गरजही नसते. एकाने ऐकलं काय, लाखाने ऐकलं काय, विजेचं बिल तेवढंच. लहरी हवेत सोडल्या की आपलं काम झालं, ज्याच्याकडे संच असेल त्याने उचलाव्यात. रेडिओ इंटरनेटवर नेला की हा उदारपणा पहिल्याच दिवशी संपतो. तिथे प्रत्येक श्रोत्याला त्याची त्याची प्रत पाठवावी लागते. ६४ केबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिटचा, प्रवाह शंभर जण एकाच वेळी ऐकत असतील तर सर्व्हरमधून सेकंदाला ६.४ मेगाबिट बाहेर पडायला हवेत. हजार जण आले की ६४. श्रोते वाढले म्हणून आनंद मानावा की धास्ती घ्यावी, हे त्या महिन्याचं सर्व्हरचं बिल आल्यावरच कळतं.

एकच प्रत पुढे न्यायची आणि वाटेत फाटे फुटतील तिथेच तिच्या प्रती काढायच्या, अशी सोय इंटरनेटच्या कर्त्यांनी शोधली होती. तिला मल्टिकास्ट म्हणतात. मार्च १९९२ मध्ये सॅन दिएगोला भरलेल्या, इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफच्या बैठकीचा आवाज अशाच मार्गाने जगातल्या काही संशोधन संस्थांपर्यंत गेला होता. पण सार्वजनिक इंटरनेटवर ती पद्धत रुजली नाही. मधल्या प्रत्येक कंपनीने आपापल्या राउटरवर ती चालू ठेवायला हवी, आणि एवढी उस्तवार दुसऱ्याच्या रेडिओसाठी कोण करणार? तेव्हा माणशी एक प्रवाह, हाच हिशेब कायम राहिला.

मी एका लहानशा स्थानिक केंद्राचं ऑनलाइन प्रसारण बघतो. माइकसमोर बसणारी माणसं वेगळी, मी मागच्या खोलीतला. आवाज दाबून प्रवाहात बदलणारा एन्कोडर चालू आहे ना, सर्व्हर जिवंत आहे ना, परदेशातून कुणी ‘आवाज तुटतोय’ म्हणून कळवलं तर तो नेमका कुठे तुटतोय, हे माझ्याकडे. केंद्र इतकं स्थानिक की एफएमचा पल्ला काही किलोमीटरांचा, मध्ये टेकडी आली की तोही गेला. पण त्या पल्ल्यातून उठून परदेशी गेलेली माणसं आहेत, आणि त्यांना हेच केंद्र हवं असतं, दुसरं कुठलं चालत नाही.

त्यातल्या बऱ्याच जणांकडे नेट बेताचं असतं. हे सांगितलं की इथे कुणाला खरं वाटत नाही. परदेश म्हणजे नेट सुसाट, अशी एक ठाम समजूत आहे. प्रत्यक्षात कुणी जहाजावर असतो. कुणी कामगारांच्या वसाहतीत एकाच वायफायवर सगळ्या मजल्याबरोबर ताटकळत असतो. कुणाचा डेटा महिना संपायच्या आधी संपतो. कुणी रात्रपाळीला तळघरात असतो, तिथे रेंजची एक दांडी येते नि जाते. आणि या माणसांना गाणी-बातम्यांचा तुटवडा आहे म्हणून ती रेडिओ लावतात असंही नाही. त्यांच्या फोनवर सगळं जग आहे. त्यातून ती वाट काढून आमच्या केंद्रापर्यंत येतात ती ‘आत्ता तिकडे काय चाललंय’ एवढ्यासाठी.

दूर गेलेल्या माणसाला घरचा आवाज पोचवायची खटपट जुनी आहे. फिलिप्सच्या पीसीजे केंद्राने १९२७ मध्ये हॉलंडमधून लघुलहरींवर वसाहतींकडे प्रसारण सुरू केलं, डिसेंबर १९३२ मध्ये बीबीसीची एम्पायर सर्व्हिस आली. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर जातात, आणि तो थर ऋतूप्रमाणे, रात्री-दिवसाप्रमाणे बदलतो. म्हणून आवाज चढायचा, बुडायचा, मध्येच शीळ घालायचा. लोक कान लावून ऐकायचे. पण तो आवाज देशाचा होता, गल्लीचा नव्हता. काय पाठवायचं ते राजधानीत ठरायचं. लघुलहरींचा प्रचंड ट्रान्समीटर आमच्यासारख्या केंद्राच्या सात पिढ्यांना परवडला नसता.

ती दारं उघडली १९९४ मध्ये. त्या वर्षी ७ नोव्हेंबरला अमेरिकेत चॅपल हिलच्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थ्यांच्या केंद्राने आपलं चालू प्रसारण इंटरनेटवर सोडलं. त्यासाठी वापरलं काय, तर कॉर्नेल विद्यापीठात तयार झालेलं सीयू-सीमी नावाचं व्हिडिओवर बोलायचं सॉफ्टवेअर. पुढच्या वर्षी रिअलऑडिओ आलं, आणि घरच्या टेलिफोनला जोडलेल्या १४.४ च्या मोडेमवरसुद्धा आवाज येऊ लागला. ५ सप्टेंबर १९९५ ला सिएटल आणि न्यूयॉर्क यांच्यातल्या बेसबॉल सामन्याचं रेडिओवरचं धावतं वर्णन त्यावर थेट ऐकवलं गेलं. मला यातलं एकच लक्षणीय वाटतं. आवाजाचा दर्जा अगदी सुमार होता तेव्हा लोकांनी काय ऐकायला घेतलं? आपल्या संघाचा सामना. तो निकालासाठी ऐकायचा असता तर दुसऱ्या दिवशीचा पेपर पुरला असता.

आता आमच्या खोलीतल्या भांडणाकडे येतो. केंद्रात दर काही महिन्यांनी एक सूचना निघते : आपला ऑनलाइन आवाज १२८ केबीपीएस, स्टीरिओ, ‘एकदम क्लिअर’ करू या. सूचना करणारा बहुधा केंद्रातल्या वायफायवर, चांगल्या हेडफोनमधून ऐकत असतो. त्याचं ऐकणं खरं आहे, पण तो आपला श्रोता नाही. तो जिना उतरला की एफएमवर ऐकू शकतो.

हिशेब साधा आहे. १२८ केबीपीएसला तासाला ५७.६ एमबी जातात. २४ केबीपीएसला १०.८. रोज चार तास ऐकणाऱ्याचे महिन्याला पहिल्या प्रकारात जवळजवळ ७ जीबी, दुसऱ्यात सव्वा जीबीच्या आसपास. मोजका डेटा घेणाऱ्या माणसाला हा फरक म्हणजे रेडिओ ऐकणं आणि घरी व्हिडिओ कॉल करणं यातली निवड असते. तो कॉल निवडणार. निवडावाच.

मग २४ मध्ये राहतं काय? बरंच राहतं. कानाला एका वेळी सगळं ऐकू येत नाही. मोठ्या आवाजाच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज त्याच्याखाली झाकला जातो. जे झाकलं जाणार ते पाठवायचंच नाही, या एका गोष्टीवर एमपीथ्रीपासून पुढचे सगळे कोडेक, म्हणजे आवाज दाबून लहान करायच्या पद्धती, उभे आहेत. सप्टेंबर २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या ओपस या कोडेकमध्ये दोन वेगळ्या घराण्यांचं काम एकत्र आलं आहे : बोलण्यासाठी स्काइपमध्ये घडलेला सिल्क आणि संगीतासाठी झिफ संस्थेत घडलेला सेल्ट. बोलणं चालू आहे की गाणं, ते ओळखून एन्कोडर त्याप्रमाणे पवित्रा बदलतो. तो ६ केबीपीएसपासून ५१० पर्यंत चालतो. साध्या टेलिफोनचा डिजिटल आवाज ६४ केबीपीएस खाऊन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा देतो. ओपस त्याच्या निम्म्याहून कमी बिटांत दुप्पटीहून रुंद पट्टा देतो. टेलिफोनवर ‘स’ आणि ‘फ’ यांचा घोळ होतो, आडनाव दोनदा सांगावं लागतं, ते याच कारणाने. ‘स’ची खरी ओळख वरच्या पट्टीत असते आणि टेलिफोन ती पट्टी कापून टाकतो. निवेदिका माणसांची नावं वाचत असताना हे फार महत्त्वाचं. कुणाचं निधन झालं ते सांगताना नाव ऐकू आलं नाही तर त्या प्रसारणाचा उपयोग काय?

स्टीरिओ मी पहिल्यांदा काढला. एकटा माणूस एका माइकसमोर बोलतो आहे, त्याला डावा-उजवा कसला? निव्वळ मोनो केल्याने उरलेले बिट त्याच्या बोलण्याला मिळतात. गाणी थोडी चपटी होतात, हे मान्य.

पण कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला मोजकेच बिट असताना, खरा छळ होतो तो भलत्याच गोष्टींचा. एका संध्याकाळी हेडफोन लावून २४ चा प्रवाह ऐकत होतो. निवेदिका स्थानिक सूचना वाचत होती आणि तिच्या आवाजाच्या कडांना एक ओलसर, बुडबुड्यांसारखी किनार होती. गाणं लागलं की जायची, ती बोलू लागली की यायची. एन्कोडरच्या सेटिंग्ज उलटसुलट करून पाहिल्या, फरक शून्य. शेवटी स्टुडिओत जाऊन नुसता उभा राहिलो. वर पंखा फिरत होता. माणसाचा कान पंख्याकडे दुर्लक्ष करायला सरावलेला असतो, तिथल्या कुणाला तो ऐकूच येत नव्हता. एन्कोडरला ती सवय नाही. ठरलेल्या पगारात घर चालवणाऱ्या माणसाकडे रोज एक फुकट्या पाहुणा जेवायला बसावा, तसं त्याचं झालं होतं. पंख्याचा सूं-सूं आवाज म्हणजे सगळ्या पट्ट्यांत पसरलेला, कुठलाही आकार नसलेला गोंगाट. त्यात पुन्हा पुन्हा येणारं, अंदाज बांधता येईल असं काही नसतं, म्हणून तो पाठवायला महाग. टाळ्या तशाच. पाऊस तसाच. पंखा बंद केला, निवेदिका वैतागली, आवाज स्वच्छ झाला. आता माइक तोंडाच्या जवळ घेतात आणि पंखा मंद ठेवतात. पावसाला इलाज नाही. पावसाळ्यात उघड्या खिडकीशेजारचं ध्वनिमुद्रण लावलं की परदेशात ते चरचरतं, आणि तरीही ‘पाऊस ऐकू आला’ म्हणून संदेश येतात. तिथे मी तांत्रिक खुलासे करत बसत नाही.

आणखी एक गोष्ट, जी लहान केंद्रांत हटकून दिसते. एफएमसाठी आवाज दाबून, फुगवून सगळा एका पातळीला आणणारा प्रोसेसर असतो. गाडीत, गोंगाटात ऐकायला तो बरा. बरीच केंद्रं त्याच्या पुढून निघालेला आवाज तसाच ऑनलाइनला जोडतात, कारण ती वायर जवळ असते. असा सतत ठासून भरलेला आवाज कमी बिटरेटला झेपत नाही. ऑनलाइनची वायर प्रोसेसरच्या आधी, थेट मिक्सरमधून घ्यावी. मुलाखती फोनवरून आलेल्या, एकदा कोडेकने दाबून मग पुन्हा दाबलेल्या असतील तर कडेला येईपर्यंत त्यांचा चोथा झालेला असतो. मूळ ध्वनिमुद्रण न दाबता ठेवा, असं मी ओरडून ओरडून थकलो. डिस्क भरते म्हणतात.

बिटरेट ठरला तरी आवाज पोचेलच असं नाही, आणि पुढचा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. कनेक्शनचा सरासरी वेग प्रवाहापेक्षा कमी असेल तर काही करून उपयोग नाही. पण बहुतेकांचं तसं नसतं. सरासरी पुरेशी असते, ती लहरी असते एवढंच. दहा सेकंद भरपूर येतं, मग पाच सेकंद काहीच नाही. यावर उपाय बफर : आधी थोडा आवाज साठवायचा आणि मागे राहून वाजवायचा.

सर्व्हरवर आम्ही आइसकास्ट हे सॉफ्टवेअर वापरतो. जगातली असंख्य लहान केंद्रं वापरतात, फुकट आहे आणि सरळ आहे. नवा श्रोता जोडला गेला की आइसकास्ट त्याला नुकत्याच होऊन गेलेल्या आवाजाचा एक गठ्ठा एकदम देतो, म्हणजे त्याचा बफर लगेच भरतो. त्या गठ्ठ्याचं मूळ माप ६५,५३५ बाइट. आता गंमत बघा. १२८ केबीपीएसला एवढ्या बाइटांत जेमतेम चार सेकंदांचा आवाज बसतो, २४ ला जवळजवळ बावीस सेकंदांचा. तीच गोष्ट उलट टोकाला. मागे पडत जाणाऱ्या श्रोत्यासाठी सर्व्हर ५,२४,२८८ बाइटांपर्यंत वाट बघतो आणि मग त्याला सोडून देतो. १२८ वर ही मुदत साधारण ३३ सेकंदांची. २४ वर ती तीन मिनिटांच्या घरात जाते. लिफ्टमध्ये शिरलेला, बोगद्यातून जाणारा, जहाजाच्या खालच्या मजल्यावर उतरलेला माणूस तीन मिनिटांत बहुतेक वेळा परत येतो. तेहेतीस सेकंदांत नाही. एकही सेटिंग न बदलता, केवळ आवाज हलका केला म्हणून सर्व्हर त्याच्याशी जास्त सबुरीने वागायला लागतो. ‘क्लिअर’ आवाजाच्या बाजूने बोलणाऱ्यांना मी हेच गणित फळ्यावर लिहून दाखवतो. त्यांचा चेहरा विशेष बदलत नाही, पण त्या महिन्यापुरती सूचना मागे पडते.

अंतराचाही स्वतंत्र जाच आहे. प्रवाह जातो टीसीपी या इंटरनेटच्या ठरलेल्या पद्धतीने. त्यात पाठवलेलं पोचल्याची पावती यावी लागते, हरवलं तर पुन्हा पाठवावं लागतं. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या ३५,७८६ किलोमीटर वर असतो. त्याच्यामार्फत जायचं तर नुसतं एकदा वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, पावती परत यायला आणखी पाव. हरवलेला तुकडा जवळच्या श्रोत्याला डोळ्याची पापणी लवायच्या आत पुन्हा मिळतो, जहाजावरच्याला नाही. दोघांच्या पाकिटावर छापलेला वेग सारखाच असतो, आणि एकाचा रेडिओ अखंड चालतो, दुसऱ्याचा दर मिनिटाला अडखळतो.

म्हणून आमच्या हलक्या प्रवाहाचा बफर मी मुद्दाम मोठा ठेवला आहे, आणि त्यातून एक विचित्र गोष्ट जन्माला आली. आमचे लांबचे श्रोते भूतकाळात राहतात. थोड्याशाच, तीस-चाळीस सेकंदांच्या. एक श्रोता आईशी फोनवर बोलत होता. तिच्या घरात एफएम चालू, त्याच्या कानाशी दुसऱ्या फोनवर आमचा प्रवाह. फोनमधून आईच्या रेडिओवर सूचना ऐकू आली की अमुक रस्ता दोन दिवस बंद राहील. आई म्हणाली, ऐकलंस का? तो म्हणाला, थांब, माझ्याकडे अजून व्हायचंय. मग त्याच्याकडे तो रस्ता बंद झाला. हे त्याने आम्हाला तक्रार म्हणून कळवलं होतं की गंमत म्हणून, ते आजवर कळलेलं नाही.

वेळेच्या ठोक्यांचं मात्र वाईट झालं. ५ फेब्रुवारी १९२४ पासून बीबीसीवर ग्रिनिचचे सहा ठोके वाजू लागले, आणि अचूक वेळ सांगणं ही जगभरच्या रेडिओची शान होऊन बसली. ऑनलाइन प्रवाहात ते ठोके म्हणजे चक्क खोटं बोलणं. प्रत्येक श्रोत्याला ते वेगळ्या वेळी ऐकू येतात, आणि सगळ्यांना उशिरा. आमच्याकडेही तासाला ठोका असतो. ऑनलाइनमधून तो गाळावा असं माझं मत होतं. केंद्रातल्या ज्येष्ठांनी ते हाणून पाडलं. त्यांचं म्हणणं, घड्याळ लावायला आता कोण ऐकतो, कुठला तास सुरू झाला ते कळू दे. यात तथ्य आहे. परदेशात सकाळचे साडेसात वाजलेले असताना इकडचा अकराचा ठोका ऐकणं यात काही तरी हवंहवंसं असावं, कारण एकदा तांत्रिक कारणाने तो ऑनलाइन गेला नाही तेव्हा लोकांनी विचारलं.

आणि याच कारणासाठी, ऑनलाइन प्रवाहातून स्थानिक सूचना वगळून ‘सर्वांना आवडेल’ असं काही लावायची कल्पना निघाली तेव्हा मी माझ्या स्वभावाला न शोभेलसा मोठ्याने बोललो. कल्पना काढणाऱ्याचं म्हणणं वरवर बिनतोड होतं. पाणी उशिरा येणार, वीज जाणार, कुणाची पिशवी बसमध्ये राहिली, लसीकरण अमुक शाळेत : हे चार हजार किलोमीटरांवरच्या माणसाच्या कामाचं काय? कामाचं काहीच नाही. गाणी मात्र त्याला कुठेही मिळतात, बातम्यासुद्धा. बसमध्ये राहिलेली पिशवी आमच्याशिवाय कुणी सांगत नाही. लॉगमध्ये हे दिसतंसुद्धा. श्रोते कधी जोडले जातात, कधी सुटतात, याची ओळ न् ओळ सर्व्हर लिहून ठेवतो. गाण्यांच्या तासाला परदेशातले आकडे सैल पडतात आणि सूचनांच्या आधी पुन्हा भरतात. मी त्यावर फार मोठा सिद्धान्त उभारणार नाही. त्यांच्या जेवणाच्या सुट्टीची वेळही तीच असू शकते.

गाण्यांच्या बाबतीत कायदाही याच बाजूला ढकलतो. संगीताचे हक्क देशागणिक विकले जातात. केंद्राने आपल्या देशात प्रसारणाचे पैसे भरले म्हणून तेच गाणं दुसऱ्या देशातल्या श्रोत्याला ऐकवायचा परवाना आपोआप मिळत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ट्यूनइन या रेडिओ-निर्देशिकेविरुद्ध निकाल दिला. ती स्वतः गाणी वाजवत नव्हती, जगभरच्या केंद्रांचे दुवे ब्रिटनमधल्या श्रोत्यांपुढे ठेवत होती. त्यातल्या परदेशी केंद्रांना ब्रिटनपुरता परवाना नव्हता, म्हणून ते हक्कभंगात मोजलं गेलं. २०२१ मध्ये अपीलातही मुख्य मुद्दा टिकला. मोठ्या कंपन्यांच्या या भांडणात परदेशातून ब्रिटनमध्ये ऐकू येणारी ढिगाने लहान केंद्रं त्या निर्देशिकेतून गायब झाली. बडे एकमेकांशी हिशेब करतात आणि रात्रपाळीतल्या माणसाच्या फोनवरचा रेडिओ बंद पडतो. तो बिचारा आपलं नेट गेलं असं समजून फोन बंद करून चालू करत बसतो.

ज्यांच्याकडे डेटा नाहीच, त्यांच्यासाठी काही देशांत एक अफलातून सोय निघाली. स्थानिक नंबर फिरवायचा आणि फोनवर आपल्या गावचं केंद्र ऐकायचं. कॉलची मिनिटं अमर्याद, डेटा मात्र मोजका, अशा योजना असलेल्या ठिकाणी टॅक्सी चालवणारे लोक तासन् तास असं ऐकत. आवाज अर्थातच टेलिफोनचा, म्हणजे ‘स’ आणि ‘फ’ एकच. तरी चालला. मला त्या श्रोत्यांबद्दल आदर आहे. दर्जाबद्दल बोलणाऱ्या आम्हा मंडळींना त्यांनी तळाची पातळी किती खाली आहे ते दाखवून दिलं.

सध्या आमचे तीन प्रवाह आहेत. ओपस, २४ केबीपीएस मोनो, हा माझा लाडका. काही फोनच्या ब्राउझरना त्याचं ऑग वेष्टन, म्हणजे तो ज्यात बांधून पाठवतात ती रचना, वर्षानुवर्षं चालत नव्हतं, म्हणून जोडीला एचई-एएसी हा दुसरा कोडेक, ३२ चा. तो वरच्या पट्ट्या पाठवतच नाही, खालच्यांवरून त्या पलीकडे पुन्हा रचतो. गाण्यांना छान, बोलण्याला जरासा पत्र्याचा नाद येतो. केंद्राची स्वतःची लाइन वर पाठवायला बारीक आहे, त्यामुळे स्टुडिओतून एकच चांगला प्रवाह भाड्याच्या सर्व्हरपर्यंत जातो आणि तिथे त्याचे तीन होतात. स्टुडिओतली वीज गेली तर सर्व्हर श्रोत्यांना परस्पर एका पर्यायी ध्वनिफितीवर नेतो आणि वीज आली की परत आणतो. त्या फितीवर आधी वाद्यसंगीत होतं. आता निवेदिकेच्या आवाजात एक वाक्य आहे, वीज गेली आहे, येईल. परदेशातल्या लोकांना ते फारच पटलं.

तिसरा प्रवाह एमपीथ्री. त्यालाच बंद करा असा सर्वांचा आग्रह आहे, आणि कागदावर आग्रह बरोबर आहे. एमपीथ्री २४ केबीपीएसला ऐकवत नाही, तो ६४ ला ठेवावा लागतो, म्हणजे ओपसच्या अडीचपटीहून जास्त डेटा. त्याच्यावर श्रोते थोडे. शिवाय तो साध्या, कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर आहे, आजच्या काळात ते मागासलेपणाचं लक्षण. फ्राउनहोफर संस्थेचा एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रमसुद्धा एप्रिल २०१७ मध्ये संपला, म्हणजे त्याच्या जन्मदात्यांनीच त्याला निरोप दिला.

पण लॉगमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी ऐकणाऱ्या उपकरणाची ओळख असते. एमपीथ्रीवरचे बहुतेक जण फोन नाहीत. ते वायफायवर चालणारे जुने रेडिओ संच आहेत, टेबलावर ठेवायचे, एक गोल बटण फिरवून केंद्र लावायचे. त्यांना ओपस कळत नाही, एचटीटीपीएसचं आजचं कुलूप उघडता येत नाही आणि त्यांचं सॉफ्टवेअर आता कुणी नवं करत नाही. ते एकदा जोडले गेले की सुटत नाहीत. फोनवाला वीस मिनिटं ऐकतो आणि जातो. हे संच सकाळी लागतात ते रात्री बंद होतात. कोण ऐकत असेल याचा अंदाज मी करू शकतो. मुलांकडे राहायला गेलेलं कुणी तरी, ज्याला मुलाने एकदा संच लावून दिला, पहिल्या बटणावर आमचं केंद्र ठेवलं आणि तो कामाला गेला. त्या माणसाला आम्ही पत्ता बदलल्याचं कळवणार कुठे? तो आमच्या फेसबुक पानावर नाही. त्याच्या दृष्टीने एक दिवस रेडिओ बंद पडेल, बस.

यंदा सर्व्हर बदलायचा आहे. नव्यावर पहिल्यांदा आठ हजार नंबरचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं तेच दार, साधं एचटीटीपी, पत्ता अक्षर न् अक्षर तोच, ६४ केबीपीएस मोनो एमपीथ्री एवढं उभं करतो. ते दोन-तीन दिवस नीट चाललं की मग ओपस.